राहिलेले तीन भाग

पुणे,
६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

पाया पडते. पत्र पाहून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? जेवलीस का विचारतेस, बारीक झालीस का विचारतेस, आणि ‘बरं, ठेवते’ म्हणून ठेवून देतेस. पत्रात तुला मला मधेच तोडता येणार नाही.

एक काम आहे. आधी आमचं वाजवणं म्हणजे काय ते पुन्हा सांगते, कारण मागच्या खेपेला तू शेजारच्या शिवकन्यावहिनीला सांगितलंस की मी पुण्यात बँडमध्ये असते. आत्या, बँड नाही. आम्ही चौघं आहोत. कनिका आणि प्रितम व्हायोलिन वाजवतात. माझा व्हायोला, म्हणजे व्हायोलिनसारखाच पण अंगानं जरा थोराड. मयंकचा चेलो, तो खुर्चीवर बसून पायांच्या मधे उभा धरतात. संगीत पाश्चात्त्य शास्त्रीय, पण जुनं नाही. आज हयात असलेल्या लोकांनी नव्यानं लिहिलेलं. ते कानाला लगेच गोड लागत नाही, खरं सांगायचं तर कधीकधी मलाही महिनाभर लागत नाही. आणि आमचा हट्ट असा की हे शहरातल्या हॉलात वाजवून थांबायचं नाही, गावोगावी लोकांत जाऊन बसायचं आणि वाजवायचं.

हट्ट मुख्यतः माझा. डिसेंबरात परतूरला एका मंगल कार्यालयात वाजवलं. लोक आले, चहा प्यायले, आणि थोड्या वेळात निम्मे उठून गेले. उरलेले मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. परतीच्या गाडीत कनिका म्हणाली, ज्यांना हे नको आहे त्यांच्या गळ्यात आपण का मारतोय? ती आपल्या जालन्याचीच, मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान आहे, त्यामुळे ‘तुला तिकडची माणसं कळत नाहीत’ असं मला तिला म्हणताही येत नाही. शेवटी ठरलं की आणखी एकच कार्यक्रम करायचा. लोक शेवटपर्यंत बसले तर गावं चालू, नाहीतर बंद. कुठे करायचा म्हटल्यावर माझ्या तोंडून आपल्या गावाचं, वडीगोद्रीचं नाव निघून गेलं.

तुमच्या घरात आज मामा असते तर त्यांनाच विचारलं असतं. त्यांच्या ‘धर्मराज साउंड सर्व्हिस’चे भोंगे लागले नाहीत असा मांडव आपल्याकडे झाला नाही. मला जालन्याला व्हायोलिनच्या क्लासला त्याच भोंग्यांच्या टेम्पोतून न्यायचे. पण माझं ह्या चौघांतलं वाजवणं त्यांनी कधी ऐकलं नाही, आणि तूही नाही. तेव्हा आता तूच सांग. आपल्या गावात लोक कुठे आणि कधी शेवटपर्यंत शांत बसतात? माइक लावायचा नाही, आणि साधारण पाऊण तास हवा.

तुझी,
तृप्ती


वडीगोद्री,
१७ जानेवारी २०२५

चि. तृप्तीला आत्याचे आशीर्वाद.

पत्र भेटलं. पोस्टमननं हायवेवरून हाका मारत आणलं, मला वाटलं कोर्टाची नोटीस आली का काय. पुढच्या वेळी लिफाफ्यावर अक्षर जरा नीट काढ.

चौघं म्हणलं की आमच्याकडं चांडाळचौकडी म्हणतेत, पण तुमची शिकलेली हाय म्हणून सोडून देते.

लोकं शेवटपर्यंत कुठं बसतेत म्हणून इचारलंस. लग्नात बसत न्हाईत, अक्षदा पडल्या की ताटावर. पुढाऱ्याच्या सभेत बिलकुल न्हाई. शाळेच्या कार्यक्रमात आपलं पोरगं नाचून झालं की आई-बाप उठले. एकाच ठिकाणी बसतेत, ते म्हणजे वर्षश्राद्धाच्या कीर्तनात. पंगत कीर्तन झाल्यावर असती, अन् आधी उठलं तर चारचौघात दिसतं. तर मंग ऐक. तुझ्या मामाचं वर्ष माघात येऊन राह्यलं, सोळा फेब्रुवारी, रविवार. महाराजाची तारीख भेटली न्हाई. थोरले भाऊजी दुसरा महाराज पाहून राह्यले होते, मी म्हणलं पाहू नका, तृप्तीची मंडळी येऊन राह्यली.

भाऊजीचा तुला सोभाव माहीत हाय. पंचायतीत भांडण मिटवायला सर्जेराव अन् घरात लावायलाबी सर्जेराव. (नाव लिहिलं, पत्र कोणाला दाखवू नको.) माइक लावायचा न्हाई म्हणलं तर उठून उभेच राह्यले. म्हणले, ‘ज्यानं जलमभर गावाला भोंगा पुरवला, त्याच्या वर्षाला भोंगा न्हाई?’ मी चहा ठेवते म्हणून आत गेले अन् ते जाऊस्तोर बाहेर आले न्हाई. म्हणजे ठरलं समज.

घरापुढं मांडव घालू. अकराच्या पुढं तुमचं. बाराला फुलं, मंग पंगत. फुलाचं तुला आठवतं न? पाकळ्या आधीच सगळ्यायच्या हातात वाटायच्या, अन् संपलं की मामाच्या फोटोवर टाकायच्या.

चौघायच्या जेवणाचं पथ्यपाणी काय ते कळव. कांदा-लसूण न खाणारं कोणी असंल तर आधी सांग, ऐन टायमाला तोंड वाकडं करू नका.

आत्या


पुणे,
२७ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तिघांना मोठ्यानं वाचून दाखवलं (भाऊजींचं नाव गाळून). प्रितम हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. कनिका हसली नाही, पण म्हणाली की तुझ्या आत्यानं दोन ओळींत सांगितलं ते आपल्याला दोन वर्षांत सुचलं नाही.

आम्ही शनिवारी संध्याकाळी पोचू. हात नसलेल्या चार खुर्च्या लागतील. प्लास्टिकच्या नकोत, त्या वाजवताना कुरकुरतात. तुझ्या लेकाला, अंगददादाला म्हणावं जनरेटर मांडवापासून लांब ठेव. आणि कृपा करून सुरुवातीला शाल-श्रीफळ आणि भाषणं नकोत. सर्जेरावमामा बोलायला उभे राहिले की बारा तिथेच वाजतील. कनिकाला कांदा-लसूण चालत नाही. मयंकला सगळं चालतं, फार चालतं.

जे वाजवणार ते अगदी नवीन आहे. कनिकानं खास ह्यासाठी लिहिलंय, चार भागांचं. पहिला भाग सोपा, दुसरा-तिसरा जरा कडक. चौथा तुझ्यासाठी आहे आत्या, त्यात काय आहे ते आत्ता सांगणार नाही. पण तेवढा चुकवू नकोस. त्या वेळी चुलीपाशी जायचं नाही, पुढे बसायचं. माझं एवढं एक ऐक.

तुझी,
तृप्ती


पुणे,
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

आम्ही नीट पोचलो. बुंदी सगळ्यांना आवडली, मयंकनं अर्धी गाडीतच संपवली. वर्ष छान पार पडलं. एवढी माणसं आली होती, मामांचं नाव मोठं आहे.

निघताना मी तुझ्याशी धड बोलले नाही, म्हणून लिहिते. तू नंतर आत वाढण्यात होतीस म्हणून तुला कदाचित कळलंही नसेल काय झालं. पहिला भाग संपला. दोन भागांच्या मधे आम्ही तारांवर फिरवायचे गज वर धरून थोडा वेळ थांबतो, मग पुढचा सुरू करतो. आम्ही थांबलो, आणि मांडवातल्या सगळ्यांनी एकदम फुलं टाकली. फोटोवर टाकली, आमच्यावरही टाकली, माझ्या व्हायोलात पाकळ्या गेल्या. मग सगळे उठले. कोणी पत्रावळी मागत होतं, कोणी पाण्याचे जार सरकवत होतं. आम्हाला काय करावं कळेना. कनिकानं डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही उरलेले तीन भाग तसेच वाजवले. समोर फक्त अंगददादा बसून होता. टाळीसुद्धा वाजली नाही.

तुझी चूक नाही, कोणाचीच नाही. गाडीत कनिका खिडकीकडे तोंड करून बसली. गावांचे कार्यक्रम आता बंद. मीच म्हणाले बंद करू, तिला म्हणायला लावलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. मला मात्र लागलंय, ते तुझ्यापासून लपवून काय करू? तू चौथा भाग ऐकला नाहीस ह्याचं सगळ्यात जास्त लागलंय.

तृप्ती


वडीगोद्री,
२ मार्च २०२५

चि. तृप्तीला आशीर्वाद, अन् संग एक चापट.

एवढी शिकली सवरली, खुर्चीला हात नको, जनरेटर लांब, कांदा नको, सगळं लिहून पाठवलं. अन् मधी थांबणार हायेत, थांबलो म्हणजे संपलं न्हाई, हे लिहायचं इसरली. आमच्याकडं वाजायचं थांबलं की फुलं पडतेत. महाराज रामकृष्णहरी म्हणून थांबला की हात आपोआप वर जातो. लोकं पाकळ्या मुठीत धरून तुमच्या गजाकडं पाहत बसल्ते, कव्हा थांबते अन् कव्हा टाकायच्या. गज वर गेला, फुलं पडली. यात कोणाचं काय चुकलं सांग मला. अन् टाळी वाजली न्हाई म्हणतीस. एक तर वर्षाला टाळ्या कोण वाजवतं? दुसरं म्हणजे मुठीत फुलं धरून टाळी वाजवून पाह्य एकदा.

थोडं माझंबी चुकलं. मी भावकीला सांगितल्तं पुण्याची भजनी मंडळी येऊन राह्यली. दुसरं काय सांगणार होते? मलाच कुठं माहीत होतं. अन् तू पुढं बस म्हणल्तीस, मी बसलेबी होते पहिल्या भागाला. फुलं पडल्यावर मला वाटलं झालं, म्हणून उठले. चौथा भाग व्हायचाय हे मला कळलं असतं तर मी बुंदीचा टोप तिथंच सोडून आले असते. हे तुला खरं वाटत नसंल तर न वाटो.

आता पुढचं ऐक. तुम्ही गेल्यावर अंगदनं सगळ्यायसमोर सांगितलं, ‘तुम्ही लोकं चार आण्यावर उठले, बारा आणे त्यांनी आपल्या जेवणाच्या गलक्यात वाजवले.’ दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरले भाऊजी ओट्यावर येऊन बसले. मला वाटलं आता भोंग्याचं काढतेत. पण ते म्हणले, ‘उषाबाई, कीर्तन पुरं न ऐकता आपण जेवलो. हे बराबर झालं न्हाई. धर्मराजचं वर्ष अर्धंच झालं.’

तेव्हापासून गावात हाच विषय. शिवकन्या पाण्याला आली तरी इचारती, वैनी, राह्यलेलं कव्हा हाय? भावकीतल्या बेबीनंदाच्या नवऱ्यानं तर दोनदा वाढून घेतल्तं, त्याला लईच वाईट वाटून राह्यलं. लोकायला तुमचं संगीत कळलं म्हणून न्हाई, उगं फुगू नको. जेवण पोटात गेलं अन् ऐकायचं राह्यलं, ते त्यायला डाचून राह्यलंय.

तर तुमच्या कनिकाला म्हणावं, बंद करायचं तर करा, पण आमचे तीन भाग वाजवून मंग करा. या वेळी मांडव न्हाई. अंगदच्या गोडाऊनमधी बसू, तिथं हायवेचा आवाज येत न्हाई. पंगत आधी. फुलं बिलकुल न्हाईत, मी कोणाच्या हातात एक पाकळी ठेवणार न्हाई.

आत्या

ता.क. त्या चौथ्या भागात काय होतं ते लिही. मला झोप न्हाई.


पुणे,
८ मार्च २०२५

प्रिय आत्या,

चापट पोचली. चूक माझीच आहे. आम्हाला ते थांबणं इतकं अंगवळणी पडलंय की ते कोणाला सांगावं लागतं हेच डोक्यात आलं नाही.

तुझं पत्र ह्या वेळी मी मोठ्यानं वाचून दाखवलं नाही, कनिकाच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं. मग म्हणाली, आपण आजवर शंभर ठिकाणी वाजवलं, पण आपलं अर्धं ऐकायचं राहिलं म्हणून कुणी रुखरुख लावून घेतली नव्हती. मग म्हणाली, तारीख विचार. रुसून बसलेली माणसं इतक्या जल्दी उठतात हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या भागात काय होतं ते सांगते. लपवून तरी काय मिळवलं? अंगददादाकडे मामांचं एक जुनं रेकॉर्डिंग आहे, कुठल्याशा लग्नाच्या आधी माइक तपासतानाचं, ते त्यानं मला पाठवलं होतं. मामा बोटानं माइकवर टकटक करतात, दोनदा फुंकतात, आणि मग ते त्यांचं लांबलचक ‘हॅलोऽ’, शेवटी वर चढवलेलं. मग कोणाला तरी ओरडतात, अरे, वायर धर. कनिकानं ते ऐकून ऐकून त्यातून सूर काढले. मयंक चेलोच्या लाकडावर बोटांनी वाजवतो ती टकटक, आणि तो चढता ‘हॅलो’ आम्ही चौघं एकामागून एक घेतो. शब्द कुठेच नाहीत. मामांनी आमचं वाजवणं कधी ऐकलं नाही, म्हणून मी म्हटलं, आपण त्यांनाच वाजवू.

हे तू त्या दिवशी अचानक ऐकावंस, असं मला फार वाटत होतं. आता तुला आधीच कळलं, तरी चालेल. पण समोर बस.

तेवीस तारखेच्या रविवारी येतो. संध्याकाळी वाजवून लगेच निघावं लागेल, मयंकला सोमवारी पुण्यात काम आहे.

तुझी,
तृप्ती


वडीगोद्री,
२७ मार्च २०२५

चि. तृप्तीला आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

तुम्ही नीट पोचले ते फोनवर कळलं, पण फोनवर मला सगळं सांगता आलं न्हाई. अंगद बाजूला उभा होता, त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं. म्हणून लिहून राह्यले.

आधी खरं सांगते. दुसरा भाग मला मुळीच आवडला न्हाई. माझे दात शिवशिवले. शिवकन्याबी कानात म्हणली, वैनी, हे बिघडलंय का असंच असतं? मी म्हणलं, गप बस, असंच असतं. तिसरा बरा होता, पण लांबला. तरी कोणी हललं न्हाई, तुम्ही पाह्यलंच. तुम्ही मधी थांबले तव्हा सगळे एकमेकाकडं पाहत होते अन् मान हलवत होते, अजून हाय, अजून हाय. बेबीनंदाच्या नवऱ्याला खोकला आल्ता, त्यानं रुमाल तोंडात घातला.

मंग चौथा. तू आधी लिहिलं नसतं तरी मला कळलं असतं गं. टकटक झाली न, तिथंच मागून कोणी तरी म्हणलं, धर्मराज! अन् ते हॅलो तुम्ही एकामागून एक वर न्यायला लागले तव्हा लोकं हसायला लागले. तुला वाटलं असंल, हे काय, हसून राह्यले. अगं, बरं झालं हसले. वर्षभर माझ्यापाशी जो आला तो तोंड पाडून आला. मी दिसले की लोकं आवाज उतरवायचे, हसत असतील तर थांबायचे. मला वाटायला लागल्तं की तुझ्या मामाच्या नावावर आता एवढंच राह्यलं. तो माणूस जिथं जायचा तिथं गलका करायचा. त्या दिवशी त्याच्या नावानं पहिल्यांदा लोकं हसले अन् मीबी हसले. पदर तोंडाला लावला होता तो रडायला न्हाई, हसायला लावल्ता. रडणं मंग आलं, तुम्ही गेल्यावर, अन् ते चांगलं रडणं होतं. सकाळी उठले तव्हा अंग हलकं होतं.

कनिकाला माझा आशीर्वाद सांग. ती पोरगी निघताना माझ्या पाया पडली. तिला म्हणावं, मला समद्यातलं काही कळलं न्हाई, पण मला माझा नवरा वळखू आला. जिनं त्याला पाह्यला न्हाई तिनं त्याला एवढा बराबर कसा धरला, ते मला तिला इचारायचं हाय. अन् तुमचं ते गावं बंद करायचं काय झालं, तूबी लिहिलं न्हाईस. काय ते कळव, इथं लोकं इचारून राह्यले.

तुम्ही गेल्यावर लोकं जल्दी उठले न्हाईत. गोडाऊनमधीच बसून राह्यले. कोणाला मामानं वायरीपायी कशा शिव्या घातल्या, कोणाच्या लग्नात भोंगा बंद पडला, तेच चालू. शिवकन्या म्हणली, माझ्या सासूचं वर्ष येऊन राह्यलंय दिवाळीनंतर, तव्हा बोलवता का त्यायला? दुसऱ्या एकानं त्याच्या वडलांचं काढलं. मी म्हणलं, ती पोरं काय फक्त वर्षावरच येतेत का, त्यायला इचारावं लागंल.

थोरले भाऊजी तवर कोपऱ्यात खुर्चीवर बसल्ते. तुमच्याच एका खुर्चीवर, बिनहाताच्या. भोंग्याबद्दल चकार शब्द काढला न्हाई त्यांनी, हे मला नवल वाटलं. सगळे गेल्यावर उठले, चप्पल पायात घातली, अन् दारातून माघारी आले. म्हणले, ‘उषाबाई, ह्या पोरायला माझ्या वर्षाला बोलवू नका. तवा मला काय ऐकू येणार हाय? मी बसलोय तवर बोलवा.’

तर पोरी, मे महिन्यात या. भाऊजी ठणठणीत हायेत, पण तरी जल्दी या.

आत्या